विजेला वेळेची किंमत लावणारा इन्सल

गीझरचे बटण केव्हा दाबले यावर विजेचे बिल ठरावे, ही गोष्ट आपल्या घरांत अजून नवी आहे. तिच्यामागचा हिशेब मात्र सव्वाशे वर्षांहून जुना. तो व्यवहारात उतरवून त्यावर साम्राज्य उभारणारा गृहस्थ म्हणजे सॅम्युअल इन्सल.

इन्सल इंजिनियर नव्हता. १८५९ साली लंडनमध्ये सामान्य घरात जन्मलेला हा मुलगा लघुलेखन शिकला आणि १८८१ मध्ये एडिसनचा खासगी चिटणीस म्हणून अमेरिकेत पोचला. एडिसनचे चित्त प्रयोगांत, जमाखर्च इन्सलच्या डोक्यात. १८९२ मध्ये जनरल इलेक्ट्रिकमधील वर्षाला ३६ हजार डॉलरची नोकरी सोडून तो १२ हजारांवर शिकागो एडिसन या लहानशा कंपनीचा अध्यक्ष झाला.

तिथे त्याला एकच गोष्ट छळत होती. संध्याकाळी दिवे लागले की वीजघरातली सारी यंत्रे धावत आणि काही तासांनी बहुतेक थंड पडत. त्यांच्यासाठी काढलेल्या कर्जाचे व्याज मात्र रात्रंदिवस चालू. केवळ लग्नसराईत भरणाऱ्या मंगल कार्यालयासारखीच ही गत! १८९४ साली इंग्लंडला गेला असता ब्रायटनमध्ये त्याला आर्थर राइटचा मीटर सापडला. ग्राहकाने एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढली, हे तो मीटर दाखवी. त्यावरून बिलाचे दोन भाग पडले: ग्राहकासाठी अडकलेल्या यंत्रसामग्रीचा आकार वेगळा, प्रत्यक्ष वापराचा वेगळा. जो अधिक तास वीज वापरील, त्याला युनिट स्वस्त.

मग इन्सलने गिऱ्हाइके वेळ पाहून गोळा केली. दिवसा कारखाने, उन्हाळ्यात बर्फवाले, शिवाय ट्राम कंपन्या. १९०३ मध्ये फिस्क स्ट्रीटला ५,००० किलोवॅटची वाफेची टर्बाइन बसवण्याचे धाडस तो करू शकला, ते याच भरवशावर. दर उतरत गेले, ग्राहक वाढत गेले.

पुढची कहाणी कडू आहे. कंपनीवर कंपनी रचत उभारलेला डोलारा १९३२ मध्ये मंदीत कोसळला आणि असंख्य लहान भागधारकांची बचत बुडाली. इन्सल ग्रीसला पळाला, १९३४ मध्ये इस्तंबूलहून पकडून आणला गेला, खटल्यात निर्दोष सुटला. १९३८ च्या जुलैमध्ये पॅरिसच्या भुयारी रेल्वे स्थानकात हृदयविकाराने त्याचा अंत झाला. कायद्याने सोडले म्हणून बुडालेल्यांचे पैसे परत आले नाहीत, हे त्याच्या चाहत्यांनी विसरू नये.

हिशेब मात्र टिकला. त्याला सर्वांत सोयीचे गिऱ्हाईक ठरले ते आंघोळीचे पाणी, कारण ते आधी तापवून ठेवता येते. फ्रान्समध्ये रात्रीच्या स्वस्त दरावर टाक्या तापू लागल्या. ब्रिटनमध्ये १९७८ पासून रात्रीच्या सात तासांचा वेगळा दर आला. १०० लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला सुमारे पावणेपाच युनिटे लागतात, रात्री काय अन् दिवसा काय. फरक पडतो तो दराचा. उलट टाकीचे आवरण कच्चे असेल तर पाणी निवते आणि मिळालेली सवलत तिथेच गळून जाते. बटण दाबताच पाणी देणाऱ्या तीन लिटरच्या गीझरला तर यातला काहीच फायदा नाही. तो ऐन गर्दीच्या वेळीच वीज ओढतो.

महाराष्ट्रात १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सवलत मिळू लागली, ती सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेत. सौरऊर्जेमुळे स्वस्ताईची वेळ मध्यरात्रीवरून भरदुपारवर आली. म्हणजे पहाटेच्या आंघोळीचे पाणी आदल्या दुपारी तापवायचे. ते रात्रभर ऊन राहील अशी टाकी घरात आहे का, हे आधी पाहावे.