दादासाहेब फाळके यांचे ठसेकाम व मुद्रणव्यवसाय

धुंडिराज गोविंद फाळके उर्फ दादासाहेब फाळके (३० एप्रिल १८७० – १६ फेब्रुवारी १९४४) हे भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक म्हणून ओळखले जातात. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी ते छायाचित्रकार, ठसे बनविणारे कारागीर आणि मुद्रक होते. त्यांच्या आयुष्याचा हा पूर्वार्ध तुलनेने कमी परिचित आहे.

शिक्षण

फाळके यांचा जन्म त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे विद्वान होते. १८८५ मध्ये त्यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला व छायाचित्रण यांचा अभ्यास केला. कलाभवनाचे प्रमुख त्रिभुवनदास गज्जर यांच्या प्रोत्साहनाने ते रतलाम येथे बाबुलाल वरुवाळकर यांच्याकडे गेले व तेथे तिरंगी ठसे बनविण्याची आणि प्रकाशशिलामुद्रणाची विद्या शिकले.

अम्लरेखनाचे तंत्र

छायाचित्र छापण्यासाठी त्याचा धातूचा ठसा करावा लागे. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर सरस व बायक्रोमेट यांचा प्रकाशसंवेदी थर देत. त्यावर जाळीतून घेतलेली, ठिपक्यांत विभागलेली प्रतिमा ठेवून पत्रा प्रकाशात धरत. जेथे प्रकाश पडे तेथे थर कठीण होई. उरलेला भाग पाण्याने धुऊन जाई. मग पत्रा फेरिक क्लोराइडच्या द्रावणात बुडवीत. उघडे तांबे विरघळे, झाकलेले ठिपके उंच राहत आणि त्यांवर शाई बसे. जस्ताच्या पत्र्यासाठी सौम्य नायट्रिक आम्ल वापरीत. द्रावणाची तीव्रता, तापमान व वेळ यांत थोडी चूक झाली तरी बारीक ठिपके खालून पोखरले जात आणि ठसा वाया जाई.

व्यवसायातील चढउतार

गोध्रा येथे फाळके यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय सुरू केला. परंतु प्लेगच्या साथीत त्यांची पहिली पत्नी व मूल दगावले आणि ते गाव त्यांनी सोडले. १९०३ पासून ते पुरातत्त्व खात्यात आरेखक व छायाचित्रकार होते. सरकारी नोकरीची निश्चिती सोडून त्यांनी लोणावळे येथे स्वतःचा मुद्रणालयाचा उद्योग उभारला व राजा रविवर्मा यांच्या मुद्रणालयासाठीही काम केले. पुढे हा उद्योग मुंबईत आला आणि लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स या नावाने चालू लागला. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी ते १९०९ मध्ये जर्मनीस गेले. मात्र भागीदारांशी मतभेद झाल्याने त्यांना स्वतः उभ्या केलेल्या उद्योगातून बाहेर पडावे लागले.

चित्रपटाकडे

चाळिशी उलटलेल्या फाळके यांच्यापाशी आता भांडवल नव्हते. हाती होते ते अंधाऱ्या खोलीतील रसायनांचे ज्ञान. १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणून त्यांनी घरीच चित्रफीत धुण्याची व्यवस्था केली. पत्नी सरस्वतीबाई यांनी दागिने गहाण ठेवू दिले, फितीला छिद्रे पाडणे व ती धुणे ही कामेही केली. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात राजा हरिश्चंद्र हा त्यांचा चित्रपट लोकांसाठी प्रदर्शित झाला.

तंत्राचा पुढील प्रवास

ठसेकामातील हेच तत्त्व पुढे इलेक्ट्रॉनिकीत आले. व्हिएन्नात जन्मलेले अभियंते पॉल आयस्लर यांनी १९३६ च्या सुमारास इंग्लंडमध्ये मुद्रित परिपथ वापरून रेडिओ तयार केला. अमरावती-अकोल्यापासून कोठल्याही गावचा विद्यार्थी आज घरगुती सर्किट बोर्ड करताना तांब्याच्या थरावर पक्क्या शाईच्या पेनाने किंवा इस्त्रीने उमटविलेल्या टोनरने रेषा झाकतो आणि प्लास्टिकच्या भांड्यात फेरिक क्लोराइडने उरलेले तांबे विरघळवितो. धातूचे भांडे चालत नाही, कारण द्रावण त्यालाही खाते. तांबे झाकावे आणि उघडे तेवढे विरघळवावे, ही कृती फाळके यांच्या काळातील ठसेकारांचीच आहे.