कवळाण्याचा गोपाळ आणि बडोद्याचे कलाभवन

जून महिना लागला की आपल्या मंडळाच्या बैठकींत एक विषय हमखास निघतो. कोणाच्या चिरंजीवांस अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला, कोणाच्या कन्येस कोणती शाखा लाभली, ही चौकशी आईबापांच्या जिव्हाळ्याची असते. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे असे संपादक मंडळींनी सुचविले, तेव्हा मला साहजिकच बडोद्याची आठवण झाली. नोकरीतील बदल्यांच्या ओघात काही वर्षे तेथे काढण्याचा योग मला आला होता. तेथील महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या अभियांत्रिकी विद्याशाखेस जुनी माणसे ‘कलाभवन’ म्हणत. तेथे चित्रकला शिकवीत असावेत, अशी प्रथम माझी समजूत झाली. पुढे त्या नावामागचा इतिहास कळला, आणि तो मुळात एका माणसाच्या आयुष्याचा इतिहास आहे, हेही ध्यानात आले.

त्या माणसाचे मूळ नाव गोपाळराव. नाशिक जिल्ह्यातील मालेगावजवळच्या कवळाणे या खेड्यात १८६३ साली त्यांचा जन्म झाला. वडील काशीराव गायकवाड घराण्याच्या एका दूरच्या शाखेतील. घरची शेती, राहणी साध्या कुणब्याची. इकडे बडोद्यास १८७५ साली मल्हारराव महाराजांस इंग्रज सरकारने पदच्युत केले आणि खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाईसाहेब यांस दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. शोध कवळाण्यापर्यंत पोहोचला. त्याच वर्षी २७ मे रोजी बारा वर्षांचा गोपाळ सयाजीराव होऊन गादीवर बसला. त्या दिवशी त्याला धड लिहिता-वाचता येत नव्हते.

या एका गोष्टीचा विसर महाराजांस जन्मभर पडला नसावा, असे त्यांची पुढील कारकीर्द पाहता वाटते. राजवाड्यातील शाळेत इलियट साहेबांच्या देखरेखीखाली त्यांचा विद्याभ्यास सुरू झाला. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी या चार भाषा शिकणे प्राप्त होते. ज्या वयात इतर मुले पुस्तके वाचू लागतात, त्या वयात हा मुलगा अक्षरे गिरवीत होता. दिवाण सर टी. माधवराव यांनी राज्यकारभाराचे धडे दिले आणि २८ डिसेंबर १८८१ रोजी राज्याची पूर्ण सूत्रे अठरा वर्षांच्या महाराजांच्या हाती आली.

त्या काळी अभियांत्रिकीचे शिक्षण देशात नव्हते असे नाही. रुडकीचे महाविद्यालय १८४७ साली व पुण्याचा वर्ग १८५४ साली सुरू झाला होता. परंतु त्यांचा मुख्य हेतू सरकारच्या बांधकाम खात्यास माणसे पुरविणे हा होता. गावचा सुतार, साळी, रंगारी यांच्यापर्यंत ती विद्या पोहोचत नव्हती. गिरणीच्या कापडापुढे आणि विलायती रंगांपुढे त्यांचे धंदे बसत चालले होते. हातात कसब होते, पण त्यामागचे शास्त्र इंग्रजी पुस्तकांत बंदिस्त होते. १८८७ साली महाराज प्रथम युरोपास गेले आणि तेथील जीवन त्यांनी डोळ्यांनी पाहिले. आपल्या प्रजेस ही विद्या कशी मिळेल, या प्रश्नाचे उत्तर देणारा माणूस मात्र त्यांना घरीच सापडला.

प्राध्यापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे मूळचे सुरतेचे, जातीने सुतार. जन्मसाल महाराजांचेच, १८६३. रसायनशास्त्रात एम. ए. होऊन ते बडोदे कॉलेजात अध्यापक झाले होते. कारागिराच्या मुलास त्याच्याच भाषेत शास्त्र शिकविले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. लहानपणी अक्षराला पारखा राहिलेला राजा आणि सुताराच्या घरात जन्मलेला शास्त्रज्ञ यांचे विचार जुळले, आणि १८९० च्या जून महिन्यात कलाभवन उघडले. गज्जर त्याचे पहिले प्राचार्य झाले. येथे ‘कला’ याचा अर्थ हुन्नर असा घ्यावयाचा.

सुतारकाम, रेखाचित्र, यंत्रविद्या, विणकाम, कापड रंगविणे व छापणे अशी तेथील अभ्यासाची योजना होती. विद्यार्थ्याने वर्गात शास्त्र ऐकावे आणि कार्यशाळेत ते हाताने करून पाहावे, अशी रीत होती. सर्वांत धाडसाची गोष्ट भाषेची. शिक्षणाचे माध्यम गुजराती ठेवले होते. त्या भाषेत यंत्रशास्त्राची वा रसायनाची पुस्तके कोठून असणार? ती तयार करविण्याचे काम राज्याने अंगावर घेतले आणि गज्जरांच्या देखरेखीखाली परकी संज्ञांना देशी शब्द घडू लागले.

येथे क्षणभर थांबावेसे वाटते. महाराजांची घरची भाषा मराठी, दरबारी मानकरी बहुतांशी मराठी. पण प्रजा गुजराती, म्हणून विद्या गुजरातीतून! स्वभाषेचा अभिमान त्यांस कमी होता, असे कोणी म्हणू शकणार नाही. १९३२ साली कोल्हापुरास भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १९३१ साली त्यांनी राज्यकारभाराच्या शब्दांचा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा कोश प्रसिद्ध करविला. त्यात एकेका शब्दास आठ भाषांतील पर्याय दिले आहेत. सरकारी मसुद्यांत जन्म घालविलेल्या माझ्यासारख्यास त्या कामाचे मोल अधिक कळते.

कलाभवनाची फळे दूरवर गेली. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके तेथे शिकले. गज्जर १८९६ साली बडोदे सोडून मुंबईस गेले, पण त्यांची परंपरा तुटली नाही. १९०७ साली त्यांच्यासह कोटिभास्कर आणि अमीन यांनी बडोद्यास ॲलेंबिक हा रसायनांचा कारखाना काढला. एक मराठी आणि एक गुजराती नाव तेथे शेजारी शेजारी आले, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९०८ साली निघालेल्या बँक ऑफ बडोदाच्या पाठीशीही महाराजच होते.

नुसते कलाभवन काढून भागणार नव्हते, कारण त्याच्या दारापर्यंत येण्यास मुलास आधी वाचता आले पाहिजे. म्हणून १८९३ साली अमरेली तालुक्यात आणि १९०६ पासून सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले. मुलास शाळेत न धाडणाऱ्या पालकास दंड होई. लोक कुरकुरले, पण महाराज मागे हटले नाहीत. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी त्यांनी शाळा काढल्या आणि १९१३ साली भीमराव आंबेडकर नावाच्या तरुण पदवीधरास शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेस पाठविले. १९१० पासून राज्यात गावोगाव ग्रंथालये उभी राहू लागली.

महाराजांत उणिवा नव्हत्या असे नाही. त्यांच्या दीर्घ परदेशवाऱ्यांवर त्या काळीही टीका होई, आणि सुधारणा वरून हुकमाने आल्या की त्यांची मुळे किती खोल जातात, हा प्रश्न उरतोच. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईस त्यांचे निधन झाले. राज्यात विद्यापीठ असावे ही त्यांची इच्छा नातू प्रतापसिंहराव यांच्या काळात, १९४९ साली फळास आली. श्रीमती हंसा मेहता पहिल्या कुलगुरू झाल्या आणि कलाभवन त्या विद्यापीठाची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा बनले. स्थापत्य, यंत्र, विद्युत, रसायन, धातुशास्त्र असे अभ्यासक्रम तेथे आहेत. कापड आणि त्याचे रसायन यांसही स्वतंत्र स्थान आहे. ती जुन्या रंगशाळेची खूण. माध्यम मात्र इंग्रजी झाले. त्यास कारणे होती, आणि देशभर नोकरीस जाणाऱ्या मुलांचा त्यात लाभही झाला. परंतु ज्या सुताराच्या मुलासाठी गज्जरांनी शब्द घडविले, तो त्या दारापासून पुन्हा थोडा दूर गेला, हेही मान्य केले पाहिजे.

आपण सारे पोटासाठी परमुलुखात आलेली माणसे. घरी मराठी टिकावी म्हणून पन्नास वर्षे आपण हे मंडळ चालविले, ते योग्यच झाले. पण कवळाण्याहून बडोद्यास गेलेला एक मराठी मुलगा तेथील लोकांच्या भाषेत त्यांच्या हाताला शास्त्र देऊन गेला, हा धडाही आपल्याचसाठी आहे. आपल्या मुलांना अभियांत्रिकीस प्रवेश मिळो. आणि ज्या गावाचे अन्न आपण खातो, तेथील कारागिरास त्याच्या भाषेत चार गोष्टी सांगता येतील इतकी ती भाषाही त्यांस येवो.