तीन मतांचा विजय

एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानच्या कारभाराची अंतिम सूत्रे लंडनच्या पार्लमेंटाच्या हाती होती. आपल्या देशावर किती कर बसावा, सैन्यावर किती पैसा खर्च व्हावा, मोठ्या अधिकाराच्या जागा कोणास मिळाव्यात, या सर्व गोष्टींचा शेवटचा शब्द तेथे ठरे. ज्या घरात आपल्या भाग्याचा निर्णय होतो, त्या घरात आपला माणूस असलाच पाहिजे, असे दादाभाई नौरोजी यांच्या मनाने घेतले.

दादाभाईंचा जन्म ४ सप्टेंबर १८२५ रोजी एका गरीब पारशी कुटुंबात झाला. ते चार वर्षांचे असतानाच वडील वारले; परंतु त्यांच्या आईने, माणेकबाईंनी, मोठ्या कष्टाने मुलाचे शिक्षण पार पाडले. ज्या एल्फिन्स्टन विद्यालयात ते शिकले, तेथेच पुढे गणिताचे अध्यापक झाले. १८५५ साली ते कामा यांच्या पेढीचे भागीदार म्हणून विलायतेस गेले. तथापि अफू व दारू यांच्या व्यापारातील नफा घेणे त्यांच्या मनास पटेना, म्हणून त्यांनी ती भागीदारी सोडून दिली. हिंदुस्थानचे दारिद्र्य आकड्यांनी सिद्ध करून दाखविणे, हेच त्यांचे जीवितकार्य झाले.

१८८६ साली वयाच्या साठाव्या वर्षी ते लंडनमधील होबर्न मतदारसंघातून लिबरल पक्षातर्फे निवडणुकीस उभे राहिले. तयारीस अवधी थोडा, मतदारांशी ओळख नाही, आणि आयर्लंडच्या स्वराज्याच्या प्रश्नावरून पक्षात फूट पडलेली. निकाल लागला तेव्हा दादाभाईंना १,९५० मते पडली होती. प्रतिस्पर्धी कर्नल डंकन यांना ३,६५१. असा पराभव पदरी आल्यावर दुसरा कोणी गाशा गुंडाळून घरी गेला असता. दादाभाई मात्र मायदेशी येऊन कलकत्त्याच्या राष्ट्रीय सभेचे अध्यक्षपद भूषवून पुन्हा विलायतेस परतले.

आता त्यांनी लंडनमधील सेंट्रल फिन्सबरी हा मतदारसंघ निवडला. क्लार्कनवेल हा घड्याळे व दागिने घडविणाऱ्या कारागिरांचा भाग त्यात मोडत होता. १८८८ च्या नोव्हेंबरमध्ये पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरी यांनी एडिंबरो येथील भाषणात होबर्नच्या निकालाचा उल्लेख करून दादाभाईंच्या वर्णाचा उपहास केला. काळ्या माणसास इंग्रज मतदार निवडून देणार नाहीत, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. परंतु या अपमानाचा परिणाम उलटाच झाला. न्यायप्रिय इंग्रजांना त्याची लाज वाटली, वृत्तपत्रांत टीका झाली, आणि कालपर्यंत ज्यांनी दादाभाईंचे नावही ऐकले नव्हते, त्यांच्याही तोंडी ते झाले. दादाभाईंनी मात्र निंदेस निंदेने उत्तर दिले नाही.

विरोधकांच्या टोमण्यापेक्षा स्वपक्षीयांचा विरोध अधिक जाचक होता. त्यांच्या उमेदवारीवरून स्थानिक लिबरलांत दोन तट पडले. त्यांनी नाव मागे घ्यावे म्हणून दडपण आले, पक्षातलाच दुसरा उमेदवार पुढे करण्यात आला. दादाभाई ढळले नाहीत. जवळजवळ चार वर्षे ते सभा घेत, पत्रे लिहीत आणि मतदारांची गाऱ्हाणी ऐकत राहिले. ते केवळ हिंदुस्थानचे गाऱ्हाणे घेऊन मत मागत नव्हते. कामगारांचे कामाचे तास, आयर्लंडचे स्वराज्य आणि स्त्रियांचा मताधिकार या प्रश्नांवरही ते आपले मत स्पष्टपणे मांडीत. जो दुसऱ्याचे दुःख जाणत नाही, त्याला आपले दुःख सांगण्याचा अधिकार नसतो, हे ते ओळखून होते. स्त्रियांना त्या वेळी पार्लमेंटासाठी मत नव्हते. तरीही फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्यासारख्या थोर स्त्रीने त्यांच्या उमेदवारीस पाठिंबा दिला.

जुलै १८९२ मध्ये मतदान झाले. मोजणी पुरी झाली आणि आकडे जाहीर झाले. कॅप्टन पेंटन यांना २,९५६. दादाभाई नौरोजी यांना २,९५९. अवघ्या तीन मतांनी दादाभाई विजयी झाले! त्या दिवशी तिघे मतदार कंटाळून घरी बसले असते, तर मते समसमान होऊन चार वर्षांचे श्रम वाया जाण्याची वेळ आली असती. एका मताचे मोल किती, हे याहून स्पष्ट कोणते उदाहरण सांगेल?

पार्लमेंटात दादाभाईंनी बायबलऐवजी आपल्या धर्माच्या खोर्देह अवेस्ता या ग्रंथावर शपथ घेतली. १८९३ साली, सनदी नोकरीच्या परीक्षा इंग्लंडबरोबरच हिंदुस्थानातही घ्याव्यात, असा ठराव हर्बर्ट पॉल यांनी मांडला व दादाभाईंनी त्यास पाठिंबा दिला. ८४ विरुद्ध ७६ मतांनी तो संमत झाला. परंतु सरकारने तो अमलात आणला नाही. जिंकलेली निवडणूक म्हणजे जिंकलेले कार्य नव्हे, हा धडा दादाभाईंना तेथे मिळाला.

१८९५ च्या निवडणुकीत त्यांचा पराभव झाला. त्यानंतर अकरा वर्षांनी, ऐंशी वर्षांचे असताना, नॉर्थ लँबेथमधून ते पुन्हा उभे राहिले आणि पुन्हा पराभूत झाले. चार निवडणुकांत तीन पराभव व एक विजय, असा त्यांचा हिशेब आहे. तथापि त्याच १९०६ साली कलकत्त्याच्या राष्ट्रीय सभेच्या अध्यक्षपदावरून या वृद्ध पुरुषाने स्वराज्य हे देशाचे ध्येय म्हणून घोषित केले.

३० जून १९१७ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. लोक त्यांना हिंदुस्थानचे पितामह म्हणत. ज्यांना स्वतःला मत नव्हते, अशा कोट्यवधी देशबांधवांसाठी त्यांनी परक्या देशात दारोदार मत मागितले. पद मिळावे म्हणून उभा राहणारा एका पराभवाने खचतो. कार्यासाठी उभा राहणारा पराभवानंतरही उभाच राहतो. दादाभाई असे उभे राहिले, म्हणूनच त्या तीन मतांची आठवण आजही आदराने काढली जाते.