सैन्याविना राजा : तंजावरचे सरफोजी महाराज

तंजावर : तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, पट्टुकोट्टैपासून सुमारे २० किलोमीटर अंतरावर, समुद्राच्या काठी मनोरा नावाची आठ मजली इमारत उभी आहे. नेपोलियनच्या पाडावाचे स्मारक म्हणून तंजावरचे मराठा राजे सरफोजी (दुसरे) यांनी ती १८१४-१५ मध्ये बांधली. युरोपातील युद्धाचे स्मारक कावेरीच्या मुलखात एका भोसले राजाने का उभारावे, असा प्रश्न पाहणाऱ्याला पडल्यावाचून राहत नाही. त्याचे उत्तर सरफोजींच्या चरित्रात आहे आणि युद्धाचे स्वरूप दीडशे वर्षांत किती पालटले, याच्या इतिहासातही आहे.

तंजावरला युद्ध नवे नव्हते. राजराज चोळाने १०१० मध्ये पूर्ण केलेल्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवरील लेखांत त्याच्या सैन्यातील पथकांची नावे कोरलेली आहेत. मंदिराच्या देणग्या सांभाळण्याचे काम त्यांच्याकडे सोपविले होते. युद्धात मिळालेली संपत्ती देवळात येई आणि देवळामार्फत गावोगाव पोहोचे. पुढे नायक राजांच्या काळात तोफ आली. याच मंदिराभोवती कोट आणि खंदक झाले आणि सुमारे पंचवीस फूट लांबीची प्रचंड लोखंडी तोफ शहराच्या तटावर चढली. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७६ च्या सुमारास तंजावर घेतले ते विजापूरचे सरदार म्हणून, घोडदळाच्या बळावर. त्या काळी राज्य जिंकणारा राजा स्वतः रणांगणावर असे. १६७७ मध्ये दोघा भावांचा वाटणीवरून कलह झाला, तोही अखेर घरच्याच माणसांत मिटला.

यानंतरच्या पाऊणशे वर्षांत चित्र बदलले. १७४९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने तंजावरच्या गादीच्या वादाचे निमित्त करून देवीकोट्टै घेतले. १७५८ मध्ये फ्रेंच सेनापती लाली याने शहराला वेढा घातला, पण त्याला हात हलवत परतावे लागले. कवायती पायदळ आणि युरोपीय तोफखाना यांच्यापुढे जुन्या पद्धतीचे सैन्य अपुरे ठरू लागले होते. तसे नवे सैन्य ठेवायचे तर रोख पैसा हवा आणि पैसा सावकाराकडून येणार. अर्काटचा नवाब महंमद अली कंपनीच्या माणसांचा कर्जदार होता आणि त्या कर्जाची फेड तंजावरच्या सुपीक जमिनीतून करण्याचा त्याचा बेत होता. १७७३ मध्ये नवाब आणि कंपनी यांच्या फौजांनी शहर घेतले व तुळजाजीराजांना कैद केले. १७७६ मध्ये राज्य परत मिळाले, तेव्हा त्याच्या महसुलावर पॉल बेनफील्ड या इंग्रज सावकाराने हक्क सांगितला. हा वाद इतका विकोपाला गेला, की मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पिगट यांना त्यांच्याच सहकाऱ्यांनी अटक केली. तलवारीइतकीच कर्जरोख्यानेही राज्ये घेता येतात, हे तंजावरने त्या वेळी पाहिले.

खरा घाव मात्र १७८१ मध्ये बसला. हैदर अलीच्या सैन्याने किल्ला सोडून बाकीचा मुलूख व्यापला. गुरे गेली, शेते ओस पडली, माणसे परागंदा झाली. कावेरीच्या खोऱ्यातील भातशेती बांध, कालवे आणि त्यांची दरवर्षी डागडुजी करणारे गावकरी यांवर चालते. माणसेच नाहीशी झाली की पाणी येऊनही पीक येत नाही. भाताच्या या कोठारात किल्ल्यातले लोक अन्नावाचून तडफडले. शेतकऱ्यांचा दरबारावरील विश्वास उडाला होता, म्हणून धान्य मिळविण्यासाठी श्वार्ट्झ या जर्मन धर्मोपदेशकाला आपला शब्द द्यावा लागला.

अशा राज्यात २४ सप्टेंबर १७७७ रोजी भोसल्यांच्याच एका शाखेत सरफोजींचा जन्म झाला. १७८७ मध्ये तुळजाजींनी त्यांना दत्तक घेऊन श्वार्ट्झच्या देखरेखीखाली दिले आणि त्याच वर्षी त्यांचा मृत्यू झाला. तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंह गादीवर बसले. बालपणी सरफोजींच्या वाट्याला बराच जाच आला. अखेर त्यांना मद्रासला हलविण्यात आले आणि तेथे त्यांचे शिक्षण झाले. कंपनीने दत्तकविधान वैध ठरवून १७९८ मध्ये त्यांना राज्यावर बसविले. या उपकाराची किंमत लगेच मोजावी लागली. मे १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले, टिपू मारला गेला आणि दक्षिणेत कंपनीला आव्हान उरले नाही. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने मुलखाचा कारभार कंपनीकडे गेला. महाराजांना वार्षिक एक लाख होन, महसुलाचा पाचवा हिस्सा आणि किल्ल्यापुरती सत्ता राहिली.

या तहाबद्दल सरफोजींना दोष देणे सोपे आहे. पण बाविसाव्या वर्षी, ज्यांच्या पाठिंब्यावर गादी मिळाली त्यांच्याशी लढण्यास त्यांच्याकडे फौजही नव्हती आणि खजिनाही नव्हता. शिवाय अठरा वर्षांपूर्वीची उजाड गावे लोकांच्या स्मरणात ताजी होती.

युद्धाचे काम उरले नाही, तेव्हा महाराजांनी राजवाड्याचा रोख दुसरीकडे वळविला. नायकांच्या काळापासूनच्या ग्रंथसंग्रहाला त्यांनी सरस्वती महालाचे आजचे रूप दिले. १८२० ते १८२२ या काळातील काशीयात्रेतूनही त्यांनी हस्तलिखिते आणली. तेथील मराठी हस्तलिखितांची संख्याच तीन हजारांहून अधिक आहे. धन्वंतरी महालात वैद्यक आणि औषधे यांचा अभ्यास चाले; नेत्ररुग्णांच्या नोंदी आणि त्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे आजही जपलेली आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात, मुंबईत मराठी पुस्तके निघू लागण्यापूर्वी, त्यांच्या देवनागरी छापखान्यात इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या गेल्या. ओरतनाडच्या छत्रात प्रवाशांना अन्न आणि मुलांना शिक्षण मिळे. फौजेची म्हणून आलेली इंग्रजी बँडची वाद्येही दरबारी संगीतात सामावली गेली.

तरीही युद्ध त्यांच्या मनातून गेले नव्हते, असे दिसते. तहानंतर चारच वर्षांनी, १८०३ मध्ये, त्यांनी बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा सविस्तर इतिहास मराठीत कोरून घेतला. पूर्वजांच्या मोहिमा आणि लढाया तेथे आहेत, तंजावर कसे मिळाले ते आहे. चोळांच्या पथकांची नावे ज्या मंदिरात कोरली गेली, तेथेच हा लेख आहे. त्यानंतर दहा-बारा वर्षांनी बांधलेल्या मनोऱ्यावरील लेखात मात्र महाराज इंग्रजांचे मित्र म्हणून उभे आहेत आणि विजय परक्यांचा आहे. दोन्ही लेख एकाच राजाचे आहेत.

सरफोजींचे निधन ७ मार्च १८३२ रोजी झाले. त्यांचे पुत्र शिवाजी १८५५ मध्ये पुत्राविना वारले आणि कंपनीने एकही गोळी न झाडता किल्ला, राजवाडा आणि खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईंनी न्यायालयात दाद मागितली. राज्यसत्तेच्या कृतीबद्दल न्यायालयाला अधिकार नाही, असा निर्णय १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने दिला. ग्रंथालय राजवाड्यातच राहिले आणि १९१८ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले.