कारंज्याचा मुलगा आणि उंबराची सावली

वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड) येथे, परंपरेनुसार १३७८ मध्ये, माधव आणि अंबा यांना मुलगा झाला. नाव नरहरी. मुंजीपर्यंत तो ओंकाराखेरीज काही बोलला नाही, असे ‘गुरुचरित्र’ सांगते. पुढे घर सोडून त्यांनी काशी गाठली, संन्यास घेतला आणि ते नृसिंह सरस्वती झाले.

मग मुक्काम नदीकाठचे. कृष्णेकाठी औदुंबरला एक चातुर्मास, पंचगंगेच्या संगमावर नरसोबाच्या वाडीला बारा वर्षे, नंतर भीमेकाठी गाणगापूर. उंबर हे ओलीचे झाड, त्यामुळे अशा जागी ते भेटणारच. हिरण्यकशिपूच्या पोटातील विषाने नरसिंहाच्या नखांची झालेली आग उंबराच्या फळांनी शमली, अशी कथा याच ग्रंथात आहे. आयुर्वेदही उंबराची साल शीतल मानतो. जखमा धुण्याच्या पंचवल्कलांत ती येते. अर्थात, कथा वाचून कोणी घरीच जखमेवर प्रयोग करू नयेत.

उंबराला फूल येत नाही, हा मात्र गैरसमज. फुले फळाच्या आतच असतात. एक चिमुकली गांधीलमाशी बारीक छिद्रातून आत शिरते, परागीभवन करते आणि तिथेच अंडी घालते. झाड तुटले की तिचे घर जाते. पक्षी, वटवाघळे, माकडे यांचे अन्नही. दत्तभक्त उंबरावर कुऱ्हाड घालत नाहीत, म्हणून गावोगावी जुने उंबर उरले. रस्ते रुंद करताना ही आडकाठी कोणी पाळत नाही.

१४५८ च्या सुमारास नृसिंह सरस्वतींनी गाणगापूर सोडले. श्रीशैलजवळ फुलांच्या आसनावर बसून ते नदीतून दिसेनासे झाले, अशी श्रद्धा आहे.