सरखेल कान्होजी आंग्रे

आमच्या बारामती-इंदापुराकडील मुलुखांत कऱ्हा, नीरा व भीमा वाहतात. समुद्र घाटापलीकडे दूर राहिला. म्हणूनच एका दर्यावीराचें चरित्र येथील विद्यार्थ्यांपुढें ठेवावें, असें आम्हांस वाटतें. बारामतीचें भूषण जे कविवर्य मोरोपंत, ते ज्या १७२९ सालीं जन्मले त्याच सालीं हा वीर निवर्तला.

कान्होजींचा जन्म १६६९ च्या सुमारास झाला. वडील तुकोजी शिवछत्रपतींच्या चाकरींत होते. मोगलांनीं मराठी राज्य ग्रासलें असतां कान्होजींनीं कोंकणचा किनारा राखिला व सरखेल हा किताब मिळविला. पुढें ते ताराबाईंच्या पक्षास होते. परंतु १७१४ सालीं बाळाजी विश्वनाथांनीं तह करून त्यांस शाहू महाराजांकडे वळविलें.

कान्होजींचीं गलबतें हलकीं, वल्ह्यांनीं चालणारीं व उथळ खाडींतही शिरणारीं होतीं. गुराबा त्यांहून मोठ्या असून त्यांच्या नाळेवर तोफा असत. वारा पडला कीं शत्रूचें शिडाचें जहाज जागींच खिळे. मग गलबतें गुराबांस ओढून त्याच्या पिछाडीस नेत व तोफांचा मारा सुरू होई. १७१८ मध्यें मुंबईकर इंग्रजांचा खांदेरीवरील हल्ला फसला. १७२१ मध्यें इंग्रज व पोर्तुगीज यांनीं मिळून कुलाब्यावर केलेली चालही व्यर्थ गेली.

अशा पुरुषास इंग्रज लेखकांनीं चांचा ठरविलें. कारण दस्तक न घेतां जाणारीं जहाजें ते धरीत. परंतु पोर्तुगीजही याच समुद्रांत इतरांस आपले परवाने घ्यावयास लावीत! मग एकाचा तो हक्क आणि दुसऱ्याची ती लूट, हा कोणता न्याय?

येथें आम्हांस प्राचीन कार्थेजचें स्मरण होतें. ख्रिस्तपूर्व २६० मध्यें मायलीच्या लढाईंत रोमनांनीं शत्रूच्या नावेवर टाकावयाचा लांकडी पूल योजून कार्थेजच्या कसलेल्या खलाशांस जिंकिलें. ख्रिस्तपूर्व १४६ मध्यें तें नगरच नष्ट झालें, आणि त्याचे स्वतःचे इतिहासही राहिले नाहींत. आज त्याच्या आरमाराची हकीकत आपणांस मुख्यतः रोमनांचा स्नेही पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराकडून कळते.

कान्होजींचें दैव बलवत्तर. मराठी दफ्तरें वांचलीं, संशोधकांनीं तीं परकीय कागदांशीं ताडून पाहिलीं. १९२८ सालीं सुरेंद्रनाथ सेन यांनीं मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवरील ग्रंथांत आरमाराचाही साधार विचार केला. चांचा म्हणून हिणविलेला पुरुष राज्याचा सरखेल होता, हें त्यामुळें स्पष्ट झालें. १९५१ सालीं भारतीय नौदलानें मुंबईच्या आपल्या तळास आंग्रे हें नांव दिलें.

कान्होजींची समाधि अलिबागेस आहे. विद्यार्थी मित्रहो, तिचें दर्शन अवश्य घ्या. आणि कोणाची निंदा वाचाल तेव्हां ती कोणाच्या लेखणींतून उतरली, हें आधीं पाहा.