देवाच्या दरबाराचा दरवाजा : रेव्हरंड नारायण वामन टिळक

नागपूरहून राजनांदगावकडे निघालेल्या आगगाडीत १८९३ च्या सुमारास एका मराठी पंडिताची व एका युरोपियन गृहस्थाची गाठ पडली. बोलणे काव्यावरून धर्मावर आले. निरोप घेताना त्या गृहस्थाने पंडितांच्या हाती नव्या कराराचे पुस्तक ठेवले आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्या पंडितांनी खरोखरच बाप्तिस्मा घेतला. 'केवढे हे क्रौर्य' आणि 'वनवासी फूल' लिहिणारे कवी रेव्हरंड टिळक ते हेच.

हे भाकीत वाचल्यापासून एक प्रश्न माझी पाठ सोडत नाही. टिळकांनी ख्रिस्ताला निवडले, की त्यांची निवड आधीच झालेली होती?

ख्रिस्ती धर्मात हा वाद फार जुना आहे. कोणाचे तारण व्हायचे हे देवाने सृष्टीच्या आधीच ठरविले आहे, त्यात माणसाच्या पुण्याचा वाटा नाही, असे कॅल्व्हिनचे मत. देव सर्वांनाच बोलावतो, मात्र विश्वास ठेवणे ही अट माणसाने पुरी करावयाची, असे आर्मिनियसचे. १६१८-१९ साली हॉलंडमधील डॉर्ट येथे धर्मसभा भरून आर्मिनियसच्या अनुयायांना दोषी ठरविण्यात आले. पुढे वेस्लीने त्याच मताचा जोरदार पुरस्कार केला. आपल्याला हा वाद परका वाटण्याचे कारण नाही. दक्षिणेतील वैष्णवांत मार्जारकिशोर व मर्कटकिशोर असे दोन न्याय आहेत. मांजर पिल्लाला स्वतः तोंडात धरून नेते. माकडाच्या पिल्लाला मात्र आईच्या पोटाला घट्ट बिलगावे लागते. हेमलकशाच्या जंगलात माकडीण फांदीवरून झेप घेताना ज्याने पाहिली आहे, त्याला दुसरा न्याय समजावून सांगावा लागत नाही. पिल्लाचा हात सुटला तर काय, हा खरा भीतीचा प्रश्न आहे.

टिळकांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. आईवर त्यांचा फार जीव; ती लहानपणीच गेली. घर सुटले, नाशिकला संस्कृताचे अध्ययन झाले, १८८० मध्ये लग्न झाले आणि नंतर गावोगावी भटकंती. नागपुरास आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ग्रंथांचे काम मिळाले. जातिभेदाने व्यथित होऊन आपणच एक नवा धर्म स्थापावा, असेही त्यांच्या मनात होते. येशूचे डोंगरावरील प्रवचन वाचले आणि तो विचार मागे पडला.

बाप्तिस्म्याची बातमी कळली तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. काही वर्षे दोघे विभक्त राहिली. पुन्हा एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाई सोवळे पाळीत, स्वयंपाक वेगळा करीत. टिळकांनी त्यांच्यावर आपला धर्म लादला नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, याचा विचार त्यांनी स्वतःच केला, सोवळे सोडले आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. मला टिळकांच्या साऱ्या चरित्रात हा भाग सर्वांत मोठा वाटतो. शेकडो लोकांसमोर प्रवचन करणे सोपे. घरातल्या माणसासाठी थांबणे अवघड.

टिळक ज्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये होते, त्याची परंपरा कॅल्व्हिनच्या बाजूची. १९०४ मध्ये ते पाळक झाले. अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) त्यांनी धर्मशिक्षणाचे काम केले, 'ज्ञानोदय'चे संपादन केले, शेकडो भक्तिगीते लिहिली. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. मग पूल ओलांडून आलेल्याने तो पूल तोडायचा कशाला? १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली व सातारा येथे 'देवाचा दरबार' उघडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे ख्रिस्ताचे दोन्ही प्रकारचे शिष्य त्यात बंधू म्हणून यावेत, ही त्यांची कल्पना. जे देवळात राहून ख्रिस्ताला मानतात, त्यांना बाहेर उभे करणारे आपण कोण, असा तिचा रोख होता.

मंडळीतील जुन्या मताच्या लोकांना हे कसे रुचावे? बाप्तिस्मा नसलेलाही बंधू, तर बाप्तिस्मा कशासाठी, ही शंका रास्तच आहे. टिळकांनी स्वतः तर त्याच बाप्तिस्म्यासाठी घरदार पणाला लावले होते. माझ्या मते त्यांनी शंकेचे शास्त्रशुद्ध उत्तर दिले नाही. कोण निवडलेला आणि कोण नाही हे ठरविण्याचे काम तेवढे त्यांनी माणसांकडून काढून घेतले. माझी आजी अक्षरओळख न होताच गेली. तिच्या हाती कोणताच करार कोणी ठेवला नाही, कोणत्या गाडीतही ती बसली नव्हती. डॉर्टच्या सभेत तिचा विचार कोणी केला असेल असे वाटत नाही. साताऱ्याच्या दरबारात तिला निदान दारात अडवले नसते.

९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. त्यांच्यामागे दरबार फारसा वाढला नाही. त्यांचे 'ख्रिस्तायन' महाकाव्यही अर्धवट राहिले होते. त्याचे बहुतेक अध्याय पुढे लक्ष्मीबाईंनी लिहिले. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना वाचताही येत नव्हते.